शॉकअपचा स्क्रू आला कुठून?

जुन्या गाड्यांच्या रॅलीत १९३० च्या आसपासची एखादी ब्रिटिश स्पोर्ट्स कार उभी दिसली, तर बॉनेटचं कौतुक नंतर करा, आधी पुढच्या चाकामागे वाकून बघा. कात्रीसारख्या जोडलेल्या पोलादी दांड्या, त्या जुळतात तिथे आमटीच्या वाटीएवढी जाड चकती, चकतीवर चांदणीच्या आकाराची पट्टी, मधोमध नट आणि आकडे कोरलेली तबकडी. हा त्या गाडीचा शॉकअप. ॲडजस्ट करायचा म्हणजे पाना लावून तो नट आवळायचा. आज क्लासिक गाडीला महागडे ॲडजस्टेबल शॉकअप बसवून लोक जो स्क्रू फिरवत बसतात, त्याचा हा खापरपणजोबा. आणि 'घट्ट केला की गाडी रस्ता धरते' ही आजही न सुटलेली समजूत बरीचशी त्याच्याकडूनच आलेली आहे.

त्याच्याही आधी शॉकअप नावाची वेगळी वस्तूच नव्हती. घोडागाडीला पाटे होते, म्हणजे लवचीक पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. ओबाडाया इलियटने लंबगोल पाट्यांच्या स्प्रिंगचं पेटंट घेतलं ते १८०४ साली. एकावर एक रचलेले पाटे वाकताना एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणातच हेलकावा विरतो. म्हणजे वजन पेलणं आणि उसळी जिरवणं ही दोन्ही कामं एकच वस्तू करत होती, फक्त दोन्ही अर्धवट. पाट्यांत तेल गेलं की गाडी झोपाळ्यासारखी झुलते, गंज चढला की बैलगाडी होते. घोड्याच्या चालीला हे खपून गेलं. इंजिनाच्या वेगाला खपेना.

विसावं शतक उजाडत असताना फ्रान्समध्ये त्रुफो नावाच्या माणसाने हे घर्षण पाट्यांतून बाहेर काढलं आणि दोन दांड्यांच्या सांध्यात कोंडलं. अमेरिकेच्या एडवर्ड हार्टफर्डने ती कल्पना उचलून धंदा उभा केला. ब्रिटनमध्ये हेच शॉकअप आंद्रे-हार्टफर्ड नावाने खपले. सांध्यात लाकडी चकत्या, त्यांना दाबणारी ती चांदणी, वर नट. चकत्या झिजत, पावसात भिजत, त्यांच्यावर ग्रीस उडत असे, आणि प्रत्येक वेळी पकड बदले. म्हणून नट. थोडक्यात, ॲडजस्टमेंट ही मुळात देखभालीची सोय होती. सायकलचा ब्रेक सैल पडला की तार ओढतो, तशी.

पण कोरड्या घर्षणाची एक खोड आहे. ठरावीक जोर लागेपर्यंत ते हलतच नाही, आणि एकदा हललं की त्याचा विरोध उलट कमी होतो. नट करकचून आवळला तर लहान खड्ड्यांवर चाक वरखाली होतच नाही, सगळा मार टायर खातो. चालवणाऱ्याला वाटतं, वा, काय कडक गाडी आहे! खरं तर त्याने स्प्रिंगच कुलपात घातलेली असते. गुळगुळीत ट्रॅकवर याचा थोडा फायदा होईही, पण रस्त्यावर तोटाच.

मग आली डॅशबोर्डवरून फिरवायची हौस. आंद्रेच्या टेलिकंट्रोलमध्ये चालत्या गाडीत चक्री फिरवली की नळीतल्या द्रवाच्या दाबाने चकत्या आवळल्या जात. रोल्स-रॉइस आणि बेंटलीने स्टिअरिंगच्या मध्याशी छोटा दांडा दिला. पुढे ॲस्टन मार्टिन डीबी५ मध्ये आर्मस्ट्राँग कंपनीचं सिलेक्टाराइड मिळायचं : मागच्या शॉकअपसाठी डॅशबोर्डवर चार टप्प्यांचं विजेचं बटण. एकूण थाट मोठा.

खरा बदल तेलाने केला. मोरिस उदाय या फ्रेंच माणसाच्या शॉकअपमध्ये बंद डब्यात पाती फिरायची आणि तेल बारीक भोकातून ढकलायची. १९२७ अखेरीस आलेल्या फोर्ड मॉडेल ए ला हेच बसवले होते, म्हणजे श्रीमंतांची चीज लाखो लोकांपर्यंत गेली. भोक लहानमोठं करायला सुईसारखा स्क्रू. तेलाचा विरोध वेगावर अवलंबून असतो : सावकाश हललात तर जवळजवळ नाहीच, झटका दिलात तर जोरदार. स्क्रू कितीही आवळा, उभ्या गाडीचं वजन तेल पेलत नाही. इथे कामांची वाटणी झाली. वजन स्प्रिंगचं, हालचाल शॉकअपची.

ही वाटणी नीट कळायला मात्र कॉइल, म्हणजे वेढे दिलेल्या तारेची स्प्रिंग यावी लागली, कारण कॉइलमध्ये आपसांतलं घर्षण जवळजवळ नसतंच. १९३४ च्या कॅडिलॅकला पुढे कॉइल आणि स्वतंत्र सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं हलेल अशी बांधणी मिळाली, त्यामागे रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत गेलेला मोरिस ऑली हा इंजिनिअर होता. त्याने एका मोठ्या कॅडिलॅकवर पुढेमागे सरकवता येणारी वजनं टांगली आणि ती हलवत, स्प्रिंगा बदलत, मंडळींना आत बसवून मैलोन्‌मैल फिरवलं. निष्कर्ष तेव्हाच्या रिवाजाच्या उलटा निघाला : पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा मऊ हवी. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागचं थोड्या वेळाने हलायला लागतं. मागचं जरा भराभर झुललं तर ते पुढच्याला गाठतं आणि गाडीचं नाक-शेपूट वरखाली होणं थांबतं. मला विचाराल तर सस्पेन्शनच्या अख्ख्या इतिहासातला सगळ्यात सुंदर प्रयोग हाच.

त्यातला हिशेब घरी करता येतो. गाडीच्या वजनाने स्प्रिंग २५ सेंटीमीटर दबेल इतकी मऊ असेल, तर गाडी सेकंदाला साधारण एकदा झुलते. ११ सेंटीमीटर दबत असेल तर दीडदा. कॉइलचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो आणि वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त असतो. गाडी खाली बसवायला आठ वेढ्यांतला एक कापला, तर स्प्रिंग १४ टक्के कडक होते. आणि स्प्रिंग ४४ टक्के कडक केली, तर हेलकावा तितकाच विरवायला शॉकअप २० टक्के जोरदार लागतो. वर्गमूळाचं नातं आहे. स्प्रिंग बदलून शॉकअप तसाच ठेवणाऱ्याची गाडी म्हणून उड्या मारते.

आपल्याकडे हा स्क्रू फारसा पोचलाच नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाटला, पुढच्या पद्मिनीला, पुढे कॉइल आणि मागे पाटे. ॲम्बेसेडरला पुढे टॉर्शन बार (पीळ बसून स्प्रिंगचं काम करणारी दांडी), मागे पाटेच. १९६१ मध्ये मुलुंडला गॅब्रिएल इंडियाने शॉकअप बनवायला सुरुवात केली, पण रोजच्या गाडीला लागायचा तो सीलबंद माल : गळला की काढून दुसरा टाका. त्यामुळे इथला जुगाड सगळा स्प्रिंगवर झाला. एका मित्राच्या पद्मिनीची पुढची कॉइल बसली होती. मिस्त्रीने वेढ्यांच्या मधे रबराचे गोळे दाबून बसवले. गाडी दोन बोटं उचलली गेली खरी, पण गोळ्याने अडकवलेला वेढा कामातून गेला, म्हणजे न कापताच कापल्यासारखा. मित्र सहा महिने शॉकअपला शिव्या घालत होता.

आजच्या क्लासिकवाल्यांचा लाडका लाल कोनी, म्हणजे कोनी कंपनीचा लाल रंगाचा ॲडजस्टेबल शॉकअप, येतो हॉलंडमधल्या औड-बेयरलँडहून. डी कोनिंग घराण्याचा हा धंदा १८५७ मध्ये घोड्यांच्या साजापासून सुरू झाला, शॉकअपकडे वळला तो १९३२ मध्ये. जुन्या पद्धतीच्या लाल कोनीचा स्क्रू बाहेर दिसतच नाही. शॉकअप गाडीतून सोडवायचा, उभा धरून दांडा पूर्ण आत दाबायचा, दाबलेलाच ठेवून हळू फिरवायचा. तळातल्या खाचेत दांडा अडकला की हाताला कळतं. मग अर्धा-अर्धा आटा. फिरवल्याने बदलतो तो फक्त रिबाउंड, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उघडताना होणारा विरोध. तो फार वाढवला तर ओळीने आलेल्या खड्ड्यांत स्प्रिंगला उघडायला वेळच मिळत नाही आणि गाडी पायरीपायरीने खाली बसत जाते.

हार्टफर्डच्या नटाचं मूळ काम या स्क्रूतही शिल्लक आहे : वापराने आलेली ढिलाई भरून काढणं. म्हणून जुना कोनी विकत घेताना अनुभवी माणूस रंगाकडे बघत नाही. दाबतो, खाचेत अडकवतो आणि आवळायला किती आटे उरलेत ते मोजतो.