एका डब्यातली दोन यंत्रं

नाशिकच्या इंदिरानगरला मामांच्या जुन्या संगणकावर दुपारी लिनक्स मिंट ही कार्यप्रणाली बसवली आणि संध्याकाळी त्यांचा प्रिंटर जोडला, छापणारा आणि स्कॅनही करणारा. केबल लावली, पाच-दहा सेकंद गेले, आणि चाचणीचं पान स्वच्छ उमटून बाहेर आलं. मामा खूश झाले. लगेच त्यांनी खरं काम काढलं. निळ्या पुठ्ठ्याची एक वही काचेवर पालथी ठेवली आणि म्हणाले, "आता हे आत घे."

स्कॅनचा प्रोग्राम उघडला. पडद्यावर एकच ओळ आली: एकही स्कॅनर सापडला नाही.

"अरे, आत्ता तर छापलं की त्यानं!"

त्या वह्या एकूण चौदा आहेत. निफाड तालुक्यातल्या त्यांच्या द्राक्षबागेच्या. एप्रिलची खरड छाटणी कोणत्या तारखेला, ऑक्टोबरची गोडी छाटणी कोणत्या तारखेला, डाउनी हा बुरशीचा रोग कुठल्या ओळीत आधी दिसला, भुरीवर काय फवारलं, पाऊस कधी पडला, सगळं शिसपेन्सिलीनं. बागेत पेनातली शाई दवानं फुटते म्हणून पेन्सिल. आता ती पुसट होत चाललीय. त्यामुळे हा स्कॅनर चालणं माझ्यासाठी फार महत्त्वाचं होतं, आणि तो का चालत नाही हे नीट समजून घ्यायचं मी ठरवलं.

मामांचा प्रश्न अगदी रास्त होता. यंत्र एक, केबल एक, मग एक काम होतं आणि दुसरं का नाही? कारण त्या डब्यात खरं तर दोन स्वतंत्र यंत्रं राहतात. यूएसबीच्या केबलमधून संगणक जोडलेल्या यंत्राला 'तू कोण?' असं विचारतो तेव्हा ते एकच उत्तर देत नाही. आपल्या प्रत्येक कामासाठी ते वेगळी ओळख सांगतं. या ओळखीला इंटरफेस म्हणतात आणि प्रत्येक इंटरफेसला एक वर्गक्रमांक असतो. प्रिंटरसाठी यूएसबीच्या नियमांत 7 हा वर्ग राखून ठेवलेला आहे. कोणत्याही कंपनीचा प्रिंटर '7' म्हणाला की संगणकाला कळतं, इकडे छपाईचा मजकूर पाठवायचा. स्कॅनरचा इंटरफेस मात्र बहुतेक वेळा 255 हा वर्ग सांगतो. 255 चा अर्थ 'कंपनीची खासगी बाब'. म्हणजे दार आहे, पण दारामागे कोणती भाषा बोलतात ते संगणकाला माहीत नाही.

अशी तफावत का पडली असावी? मला तरी त्याचं मूळ दोन्ही कामांच्या स्वभावात दिसतं. नाशिकरोडच्या मुद्रणालयात 1928 पासून नोटा छापल्या जातात, तेव्हा छपाई म्हणजे काय हे नाशिककराला सांगायला नको. छापणं हे मुळात टपालात पत्र टाकण्यासारखं आहे. पानाचं वर्णन तयार करायचं आणि पाठवून द्यायचं. कागद संपला, शाई संपली एवढं यंत्रानं कळवलं की पुरे. स्कॅनिंगमध्ये मात्र सतत सवालजवाब चालतात. तुझी काच किती लांब? रंगीत घेतोस का? एका इंचात किती ठिपके? या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंतच घे. दिवा लाव. आता पहिली ओळ दे, दुसरी दे, थांब, माझ्याकडे जागा भरलीय, आता पुढची दे. या सवालजवाबाची बोली प्रत्येक कंपनीनं आपापली बनवली आणि बरीच वर्षं ती आपापल्यापाशीच ठेवली.

त्या ओळी येतात कशा, तेही पाहण्यासारखं आहे. घरगुती यंत्रांत बहुधा पानाच्या रुंदीएवढी एक पट्टी असते. तिच्यात लाल, हिरवे, निळे एलईडी आळीपाळीनं लुकलुकतात. कागदावरून परतलेला उजेड बारीक काचेच्या दांड्यांमधून खालच्या संवेदकांच्या रांगेवर पडतो. मग पट्टी केसभर पुढे सरकते आणि पुन्हा तेच. काम सुरू करण्याआधी पट्टी चौकटीखाली लपलेल्या एका पांढऱ्या पट्टीकडे बघून घेते, पांढरं म्हणजे किती पांढरं हे ठरवण्यासाठी. ए-4 पान 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके, घेतलं तर आडवे 2480 आणि उभे 3508, म्हणजे सुमारे 87 लाख ठिपके होतात. रंगीत असेल तर प्रत्येक ठिपक्याला तीन बाईट, म्हणजे पानामागे 26 एमबी. 1957 साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो संगणकात घेतला, तेव्हा त्यात 176 गुणिले 176, जेमतेम 31 हजार ठिपके होते.

लिनक्सवर या सगळ्या बोलींचा दुभाषी म्हणजे 'सेन'. स्कॅनर ॲक्सेस नाऊ ईझी या शब्दांची ती आद्याक्षरं. 1996 च्या सुमारास डेव्हिड मॉसबर्गर आणि अँड्रियास बेक यांनी हे काम सुरू केलं. त्याआधी 1992 मध्ये विंडोज आणि मॅकच्या जगात 'ट्वेन' हे मानक आलं होतं. त्यात स्कॅनरशी बोलणारा भाग आणि माणसाला दिसणारी बटणांची खिडकी एकत्र बांधलेली असे. सेननं ते दोन भाग वेगळे केले. पुढचा भाग कोणताही असो, सिंपल स्कॅन, एक्ससेन, स्कॅनलाइट. मागचा भाग, म्हणजे बॅकएंड, त्या त्या यंत्राची बोली जाणणारा. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. त्यामुळेच एका खोलीतला स्कॅनर दुसऱ्या खोलीतल्या संगणकावरून चालवता येतो, कारण मधल्या संभाषणाला तारेची लांबी आड येत नाही. कित्येक यंत्रांची बोली लोकांनी केबलमधून जाणारे बाईट न्याहाळून, अंदाज बांधून, चुका सुधारत शिकून घेतली. पगाराशिवाय केलेलं हे काम आहे, आणि मामांच्या वहीसारख्या किती वह्या त्यावर तरल्या असतील.

आता आमच्या यंत्राकडे येतो. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, आधी 'एलएसयूएसबी' ही आज्ञा दिली; ती यूएसबीला जोडलेल्या यंत्रांची यादी देते. यादीत यंत्राचं नाव दिसलं, म्हणजे केबल आणि पोर्ट ठीक. मग 'स्कॅनइमेज' ही आज्ञा, पुढे उणे चिन्ह आणि मोठा एल. उत्तर तेच, स्कॅनर नाही. यंत्र जुनं होतं आणि त्याचा बॅकएंड सेनच्या नेहमीच्या संचात नव्हता. बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलचं नाव टाकून लिनक्सचं डेब पॅकेज, म्हणजे प्रोग्राम बसवायची फाईल, उतरवलं आणि बसवलं. (अशी फाईल कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी, तिला बसताना पूर्ण संगणकाचे अधिकार मिळतात.) तरीही उत्तर बदललं नाही.

इथे बरेच जण हात टेकतात, आणि नेमकं इथेच सापडण्यासारखं काही असतं. सेनला आपण काय काय शोधतोय ते मोठ्यानं बोलायला लावता येतं. 'सेन डीबग डीएलएल' या नावाच्या चलाला आकडा देऊन तीच आज्ञा पुन्हा चालवली की प्रत्येक बॅकएंडचं नाव आणि तो कुठे शोधला, हे ओळीओळीनं छापलं जातं. आमच्या बॅकएंडचं नाव त्या यादीत होतं. त्याची फाईल मात्र सापडत नव्हती. पॅकेजनं ती 'लिब 64' नावाच्या फोल्डरात ठेवली होती. डेबियन, उबंटू, मिंट या घराण्यात सेन तिथे बघतच नाही. त्याचं फोल्डर 'लिब'च्या आत, प्रोसेसरच्या नावाचं असतं. डबा स्वयंपाकघरात होता, फक्त भलत्या फळीवर. फाईल हलवायची गरज नव्हती, योग्य फोल्डरात तिच्याकडे बोट दाखवणारा दुवा, सिमलिंक, तयार केला.

आता सुडो लावून, म्हणजे संगणकाचे पूर्ण अधिकार घेऊन, आज्ञा दिली तर स्कॅनर दिसला. सुडोशिवाय दिली तर गायब! ही खूण पक्की लक्षात ठेवण्याजोगी आहे. सुडोनं चालतं आणि साध्या वापरकर्त्याला चालत नाही, म्हणजे बोली समजलीय, फक्त परवानगी नाही. ही परवानगी 'यूडेव्ह', म्हणजे जोडलेल्या यंत्रांची व्यवस्था बघणारा लिनक्सचा भाग, याचे नियम देतात, आणि तेही यंत्र जोडलं जातं त्या क्षणी. आमचं यंत्र पॅकेज बसवण्याच्या आधीपासून जोडलेलंच होतं, त्यामुळे नवा नियम त्याला लागलाच नव्हता. केबल काढली, पुन्हा लावली. स्कॅनर आला.

ज्यांचं यंत्र अलीकडचं आहे त्यांना यातलं बहुतेक काही करावं लागणार नाही. नव्या यंत्रांत ईएससीएल ही समाईक बोली आलीय. यंत्र स्वतःच एक छोटा वेब सर्व्हर चालवतं. आपल्याला काय काय येतं ते एक्सएमएल या ठरावीक मांडणीत सांगतं आणि पान थेट जेपेग किंवा पीडीएफ करून देतं. लिनक्सवर 'सेन-एअरस्कॅन' हा एकच बॅकएंड अशा कितीतरी कंपन्यांच्या यंत्रांशी बोलतो. केबलनं जोडलेलं असेल तर 'आयपीपी-यूएसबी' हा प्रोग्राम तीच वेबची भाषा यूएसबीतून नेतो. एक खबरदारी घ्यावी: एका इंटरफेसचा ताबा एका वेळी एकाच प्रोग्रामकडे राहतो. एखाद्या यंत्राचं ईएससीएल सदोष असेल आणि कंपनीचा बॅकएंड वापरायचा असेल, तर आयपीपी-यूएसबी बंद करावं किंवा काढून टाकावं लागतं. वायफायवर स्कॅनर दिसत नसेल तर बॅकएंडच्या मागे लागण्याआधी राऊटर बघावा. यंत्रं आपली ओळख नेटवर्कच्या 5353 क्रमांकाच्या पोर्टवर (हे केबलचं पोर्ट नव्हे) हाळी देऊन सांगतात, आणि पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कवर ती हाळी बहुधा अडवलेली असते.

मामांची वही आम्ही आधी 'मजकूर' या पर्यायावर घेतली. अर्धी पेन्सिल नाहीशी झाली, कारण त्या पर्यायात छटा अगदी मोजक्या उरतात आणि फिकट राखाडी सगळं पांढऱ्यात जातं. राखाडी छटांवर 300 डीपीआय ठेवलं, पानामागे काळा कागद धरला म्हणजे पाठच्या बाजूची अक्षरं झिरपत नाहीत, आणि पुन्हा घेतलं. पडद्यावर 1997 चा ऑक्टोबर वाचता येऊ लागला. मामांनी चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचलं, "अकरा तारीख. गोडी छाटणी पूर्ण. रात्री पाऊस." मग पान उलटून वही पुन्हा काचेवर ठेवली.