दिल्लीचा नव्हे, वॉशिंग्टनचा पैसा: एका राज्यातल्या ३३ काउंट्यांचा हिशेब

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या उत्तरेला पाहारितो पठारावर लॉस अलामोस नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, पण आकाराने आणि लोकसंख्येने बहुधा बराच लहान. लॉस अलामोस तर राज्यातल्या ३३ काउंट्यांमध्ये क्षेत्रफळाने सर्वांत लहान. २०२० च्या जनगणनेत तिथे १९,४१९ माणसं मोजली गेली. अणुबॉम्ब जिथे घडला ती राष्ट्रीय प्रयोगशाळा इथेच आहे आणि तिच्यावर अमेरिकेचं केंद्र सरकार अलीकडे वर्षाला ४०० कोटी डॉलरहून बरेच जास्त खर्च करतं. नुसते ४०० कोटी धरून भागाकार केला तरी माणशी दोन लाख डॉलरच्या वर आकडा जातो. डोंगर उतरून खाली आलं की रिओ अरिबा काउंटी लागते. जुन्या स्पॅनिश वस्त्या, प्युब्लो आदिवासींची गावं आणि लॉस अलामोसच्या मानाने फारच तुटपुंजं उत्पन्न.

हे पाहिल्यावर कुणीही विचारेल, की एवढा भेदभाव करतं तरी कोण? तर काउंटीनिहाय वाटणी करणारा कुणी बसलेलाच नसतो. वॉशिंग्टनमध्ये कायदे होतात ते पेन्शनचे, संरक्षणाचे, आरोग्याचे, रस्त्यांचे. त्यातला पैसा वेगवेगळ्या वाटांनी निघतो आणि कुठे ना कुठे उतरतो. काउंटीच्या नावापुढे दिसणारा आकडा ही मागाहून केलेली बेरीज असते.

सर्वांत रुंद वाट माणसांच्या बँक खात्यात जाते. २०२४ च्या आर्थिक वर्षात केंद्राने सुमारे पावणेसात लाख कोटी डॉलर खर्च केले. त्यातले जवळपास दीड लाख कोटी एकट्या सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे मुख्यतः निवृत्तिवेतनाचे. हा पैसा म्हातारी माणसं राहतात तिथे जातो. न्यू मेक्सिकोच्या पश्चिमेची कॅट्रन काउंटी जवळपास १८,००० चौरस किलोमीटरची, राज्यातली सर्वांत मोठी, आणि वस्ती फक्त ३,५७९. तरुण बाहेर पडले, निवृत्त लोक मागे राहिले किंवा नव्याने येऊन वसले. उद्योग नाही, मोठं शहर नाही, तरी दर महिन्याला वॉशिंग्टनहून पैसे येतात. शिवाय तिथली बहुतेक जमीन ‘हिला’ नावाच्या राष्ट्रीय वनासारख्या केंद्राच्या मालकीच्या क्षेत्रात मोडते. केंद्राच्या जमिनीवर काउंटीला मालमत्ता कर लावता येत नाही, म्हणून १९७६ च्या कायद्याने त्याबदली काही रक्कम मिळते. ती मोठी नसते, पण साडेतीन हजार वस्तीच्या काउंटीला तिचा आधार वाटतो.

दुसरी वाट पगारांची आणि कंत्राटांची. लॉस अलामोसची प्रयोगशाळा, आल्बुकर्कीची सँडिया प्रयोगशाळा आणि कर्टलँड हवाईतळ, ओटेरो काउंटीतला हॉलोमन तळ, कार्ल्सबाडजवळ मिठाच्या थरात खोल खणलेलं अणुकचऱ्याचं साठवणस्थान. यातल्या बऱ्याच जागा कित्येक दशकांपूर्वी ठरल्या, आणि त्या काळी तिथे वस्ती विरळ होती, जमीन मोकळी होती, हेच त्यामागचं मोठं कारण होतं. आजच्या गरजेशी त्या निवडीचा संबंध नाही.

तिसरी वाट राज्यांना मिळणाऱ्या अनुदानांची, आणि इथे गणित येतं. गरिबांच्या आरोग्यासाठी असलेल्या मेडिकेड योजनेत केंद्राचा वाटा किती, याचं सूत्र कायद्यातच आहे. राज्याच्या दरडोई उत्पन्नाला देशाच्या दरडोई उत्पन्नाने भागा, उत्तराचा वर्ग करा, त्याला ०.४५ ने गुणा आणि येईल ते १ मधून वजा करा. राज्य देशाच्या सरासरीइतकंच असेल तर केंद्राचा वाटा ५५ टक्के. राज्याचं उत्पन्न सरासरीच्या ८० टक्के असेल तर ०.८ चा वर्ग ०.६४, गुणिले ०.४५ म्हणजे ०.२८८, आणि वाटा ७१.२ टक्के. किमान ५० आणि कमाल ८३ टक्के अशी मर्यादा घातलेली आहे. वर्ग केल्यामुळे गरीब राज्याला मदत जास्त वेगाने वाढते, ही त्यातली खुबी. पण सूत्रात काउंटी कुठेच नाही. श्रीमंत लॉस अलामोस आणि गरीब मॅकिन्ली, दोन्ही काउंट्यांना राज्याचा एकच दर लागू.

आता या तिन्ही वाटांचा पैसा नकाशावर मांडायचा कसा? अमेरिकेच्या जनगणना विभागाने १९८३ ते २०१० या आर्थिक वर्षांसाठी दरवर्षी एकत्रित अहवाल काढला. केंद्राचा कोणता पैसा कोणत्या काउंटीत गेला, हे त्यात दिसायचं. तरी त्यात एक अडचण होतीच. राज्य सरकारला मिळालेलं अनुदान पुढे गावोगाव पोहोचतं, पण नोंद होते ती पहिल्या मुक्कामाची, म्हणजे राजधानीची. त्यामुळे न्यू मेक्सिकोत सँटा फे, कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो, टेक्सासात ऑस्टिनची ट्रॅव्हिस काउंटी, या सगळ्या आहेत त्याहून जास्त लाडक्या दिसतात. धनादेशावरचा पत्ता म्हणजे लाभाची जागा नव्हे. नकाशा वाचताना हे विसरलं की हमखास चुकीचा निष्कर्ष निघतो.

लॉस अलामोसच्या बाबतीत तर सीमारेषाच आकडा घडवते. ही काउंटी १९४९ साली सँडोव्हाल आणि सँटा फे या काउंट्यांचा भाग तोडून बनवली गेली. प्रयोगशाळा १९४३ ची, म्हणजे आधी प्रयोगशाळा आली आणि मग तिच्याभोवती रेघ ओढली गेली. समजा ती रेघ पुसली आणि लॉस अलामोस, सँटा फे आणि रिओ अरिबा या तीन काउंट्या एकत्र मोजल्या. लोकसंख्या होते १९,४१९ अधिक १,५४,८२३ अधिक ४०,३६३, म्हणजे २,१४,६०५. तेच ४०० कोटी डॉलर या संख्येने भागले तर माणशी सुमारे १८,६०० येतात. दोन लाखांचे अठरा हजार झाले आणि प्रत्यक्षात एक डॉलरही हलला नाही. भूगोलाच्या आणि संख्याशास्त्राच्या अभ्यासकांना हा प्रश्न चांगला माहीत आहे: प्रदेशाचे तुकडे कसे पाडले यावर सरासरी बदलते.

आणि ही काउंट्या एकत्र मोजण्याची कल्पना हवेतली नाही. प्रयोगशाळेत काम करणारे हजारो लोक रोज सकाळी रिओ अरिबातल्या एस्पान्योला गावाहून आणि सँटा फेहून घाट चढून येतात आणि संध्याकाळी उतरतात. पगार वर मिळतो. घरभाडं, किराणा, मुलांचे खर्च खाली होतात. म्हणून अमेरिकेचा आर्थिक विश्लेषण विभाग काउंटीचं वैयक्तिक उत्पन्न काढताना कामाच्या जागी मिळालेली कमाई राहत्या काउंटीकडे वळवतो. मला हीच पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. पण तिने फक्त माणसांच्या कमाईचा माग लागतो. कंत्राटातून घेतलेली यंत्रं, साहित्य आणि सेवा कुठून आल्या, ते तिच्यात येत नाही.

आपल्याकडे १९८४ साली दांडेकर समितीने महाराष्ट्रातल्या प्रादेशिक असमतोलावर अहवाल दिला, तेव्हा वेगळी वाट धरली होती. कोणत्या जिल्ह्याला किती पैसे गेले, यापेक्षा तिथे सिंचन किती, रस्ते किती, वीज किती पोहोचली हे पाहिलं. राज्याच्या सरासरीशी तुलना केली आणि कमी पडलेलं भरून काढायला किती खर्च येईल ते काढलं. तोच अनुशेष. त्या आकड्यांवरून आजही वाद होतात, पण मोजायची वस्तू त्यांनी बरोबर निवडली होती असं मला वाटतं, कारण पैसा वाटेत थांबतो, वळतो, गळतो. कालवा मात्र असतो किंवा नसतो.

सूत्रं कितीही नेटकी असोत, त्यांत घालायची लोकसंख्याच चुकली तर काय? मॅकिन्ली काउंटीत नव्हाहो आणि इतर आदिवासींची बहुसंख्या आहे. दूर दूर पसरलेली घरं, बऱ्याच घरांना रस्त्याचं नाव किंवा घर क्रमांक नाही. २०२० च्या जनगणनेनंतर विभागाने स्वतःच पडताळणी केली, तेव्हा देशभरातल्या आरक्षित आदिवासी भूमीवर राहणारे मूलनिवासी ५.६४ टक्क्यांनी कमी मोजले गेल्याचं दिसलं. लोकसंख्येवर बेतलेलं जे जे अनुदान असेल, त्यात ही तूट पुढची जनगणना होईपर्यंत मुरत राहते. ज्यांना मोजणं अवघड, त्यांचीच गरज बहुधा मोठी असते, आणि हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत गंभीर दुखणं वाटतं.

जुना एकत्रित अहवाल बंद झाल्यावर आता केंद्राचा खर्च पाहायला यूएसएस्पेंडिंग नावाचं सरकारी संकेतस्थळ आहे. २००६ च्या पारदर्शकता कायद्यातून ते उभं राहिलं. कंत्राट घेणाऱ्या कंपनीचा पत्ता आणि प्रत्यक्ष काम जिथे होतं ती जागा, या दोन्हींची नोंद तिथे वेगवेगळी मिळते, आणि एकाच काउंटीसाठी दोन्ही पाहिलं की चित्र पुष्कळदा बदलतं. मुख्य कंत्राटदाराने पुढे दिलेली पोटकंत्राटंही दिसतात, पण फक्त पहिल्या पायरीपर्यंत आणि एका ठरावीक रकमेपासून पुढची. पोटकंत्राटदाराने आणखी कुणाला काम दिलं, तर तो पैसा कोणत्या काउंटीत पोहोचला याची नोंद तिथे होत नाही.