गिटारची तार झणझणते? पाना फिरवण्याआधी हे वाचा

"फ्रेट बदलावे लागतील का हो?" झणझणणारी इलेक्ट्रिक गिटार आमच्या दुरुस्तीच्या बाकावर ठेवता ठेवताच लोक हे विचारतात. (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या, तार दाबायच्या धातूच्या आडव्या पट्ट्या.) कुणीतरी आधीच घाबरवून पाठवलेलं असतं. बहुतेक वेळा काही बदलावं लागत नाही. आम्हाला फक्त एक कळायला हवं असतं : झणझण नेमकी कुठे होते? तेवढं घरी शोधून आणलंत तर आमचा वेळ आणि तुमचे पैसे वाचतील. कदाचित यायचीही गरज पडणार नाही.

आधी गिटार ॲम्पला, म्हणजे ॲम्प्लिफायरला जोडा. वायर न लावता वाजवली तर इलेक्ट्रिक गिटार थोडी झणझणतेच, त्यातून तारा खाली बसवलेल्या असल्या तर हमखास. ॲम्पमधून तोच स्वर स्वच्छ येत असेल आणि नेहमीइतका टिकत असेल, तर कशालाही हात लावू नका. न वाजवताही ॲम्पमधून घूंऽ असा आवाज येत असेल, तर तो दोष तारांचा नाही. तो शिल्डिंगचा (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणाऱ्या आवरणाचा) किंवा घरातल्या अर्थिंगचा प्रश्न, त्याचं काम वेगळं.

आता तारा ट्यून करा. ज्या ट्यूनिंगमध्ये रोज वाजवता, त्यातच. एकेक तार एकेका फ्रेटवर दाबून वाजवत जा आणि कुठे बिघडतं ते कागदावर लिहा.

मोकळी तार झणझणते आणि बोट ठेवलं की गप्प बसते, तर नटाची, म्हणजे दांड्याच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीची, खाच खोल झाली आहे. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटकडे बघा. तार आणि फ्रेट यांच्यात केसाएवढी फट दिसायला हवी. तार टेकलेलीच असेल तर खाच गेली. खायचा सोडा आणि सुपर ग्लू घालून ती भरता येते, आम्हीही कार्यक्रम तोंडावर असलेल्यांना तसं करून देतो. पण ती तात्पुरती मलमपट्टी. नवा नट बसवलेला बरा.

पहिल्या चार-पाच फ्रेटवर झणझण असेल तर संशय नेकवर, म्हणजे दांड्यावर. तार मधोमध सर्वांत जास्त हलते, तिला जागा मिळावी म्हणून नेकला किंचित पोट हवं, म्हणजे मधला भाग तारांपासून जरा खोलगट हवा. नेक अगदी सरळ झाला किंवा मागे झुकला की तार फ्रेटांवर आपटते. (मिरजेचे कारागीर तानपुऱ्याच्या घोडीवर जवारी काढतात, तेव्हा तार घोडीला हलकेच चाटत राहावी म्हणून जिवाचं रान करतात. आपण तेच चाटणं घालवायला बसलोय!) पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटचा फ्रेट बोटाने दाबा आणि आठव्या फ्रेटवर तारेखालची फट मोजा. साधारण ०.२५ मिमी हवी. मोजायला फिलर गेज लागतो, दुचाकीचा मेकॅनिक टॅपेट सेट करायला वापरतो तोच.

फट कमी असेल तर ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली त्याचा बाक ठरवणारी सळई, सैल करायचा, म्हणजे डावीकडे फिरवायचा. एका वेळी पाव फेरा, जास्त नाही. मग पुन्हा ट्यून करून पुन्हा मोजा. ॲलन की नीट घट्ट बसत नसेल तर तिथेच थांबा. रॉडच्या इंची मापाच्या नटात मिलिमीटरची की घालून कडा गोल करून आणलेल्या गिटारी आमच्याकडे येतात, आणि त्या दुरुस्तीचं बिल साध्या सेटअपच्या, म्हणजे नेहमीच्या जुळवणीच्या, कितीतरी पट होतं.

नेक आपोआप का हलला, असंही विचारतात. तुम्ही १० च्या तारा काढून ९ च्या लावल्यात का? (हे आकडे तारेची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात : आधी सर्वांत बारीक तार, मग सर्वांत जाड.) १०–४६ च्या संचाचा एकूण ताण सुमारे ४६ किलो, ९–४२ चा सुमारे ३८. आठ किलोंची ओढ कमी झाली की नेक मागे जाणारच. शिवाय पावसाळ्यातली दमट हवा आणि एप्रिलमधली कोरडी, दोन्हींत लाकूड जागचं हलतं.

बाराव्या फ्रेटच्या पुढे सगळीकडे झणझण असेल, तर बहुधा तारा फारच खाली आहेत. कॅपो तसाच ठेवून सतराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. १.६ मिमीपासून सुरुवात करा आणि सॅडलचे (गिटारच्या खोडावर तारा ज्यांवर टेकतात त्या आधारांचे) स्क्रू थोडे थोडे वर घ्या. नेक आधी, सॅडल नंतर. हा क्रम उलटा केलात तर दोन्ही कामं पुन्हा करावी लागतात.

झणझण एकाच फ्रेटवर असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उचलला गेला असावा. तीन फ्रेटांवर मावेल अशी सरळ धातूची पट्टी उभ्या कडेवर ठेवा. ती डुगडुगली तर मधला फ्रेट उंच. कानस मात्र घरी लावू नका, घासलेला धातू परत येत नाही.

आणि काहीच जुळत नसेल तर ट्यूनरचे (तारा पिळायच्या खुंट्यांचे) नट, सॅडलची स्प्रिंग, पिकगार्डचे (खोडावरच्या संरक्षक पत्र्याचे) स्क्रू एकेक करून बोटाने दाबत तार छेडा. बोट ठेवल्यावर आवाज थांबला, की चोर सापडला. हे काम आम्ही फुकट करतो.

गिटार आणताना कागदावरची टिपणं आणि तुमचं ट्यूनिंग सांगायला विसरू नका. तारा काढून आणू नका. ताण नसलेल्या नेकचं माप घेऊन आम्हाला काहीच कळत नाही.