रीळ मोअरची प्रतिबंधक देखभाल

गोल्फचे ग्रीन (खळग्याभोवतीची अगदी बारीक कापलेली हिरवळ) आणि क्रिकेटची मैदाने यांवरचे गवत कापणाऱ्या रीळ मोअर या यंत्राची, बिघाड होण्याची वाट न पाहता ठरावीक तासांनी केली जाणारी तपासणी, जुळणी, धार व वंगण. हे यंत्र कात्रीसारखे चालते. फिरत्या रिळावरची पीळदार पाती खालच्या स्थिर पात्यावर, म्हणजे बेडनाइफवर, गवत धरून कातरतात. लोकरी कापडाची लव कातरणारे यंत्र पाहून इंग्लंडमधील एडविन बडिंग याला ही कल्पना सुचली आणि १८३० साली त्याने पेटंट घेतले. तत्त्व अजून तेच असल्यामुळे सारी देखभाल रीळ आणि बेडनाइफ यांच्यातल्या केसाहून बारीक फटीभोवती फिरते.

फट वाढली की गवत कापले न जाता दुमडते किंवा फाटते. फाटलेली टोके एक-दोन दिवसांत तपकिरी पडतात, हिरवळ दुरूनही करपल्यासारखी दिसते आणि रोगाला वाट मिळते. उलट फट फार आवळली तर धातू तापतो, दोन्ही धारा झिजतात. म्हणून इंजिन बंद करून, जाड हातमोजे घालून, रीळ हळूच फिरवत कागदाची पट्टी दोन्ही टोकांना व मध्ये कापून पाहतात. हे काम रोजचे आहे. ग्रीन साधारण ३ मिलिमीटरवर कापले जाते, तिथे लहानशी चूकही लपत नाही. ग्रीनवर वाळू पसरल्यानंतर धार फार लवकर जाते, त्यामुळे त्या दिवसांत जुनी रिळे लावणे शहाणपणाचे.

बोथटपणा थोडा असेल तर रीळ उलटे फिरवून लांब दांड्याच्या ब्रशने घर्षक पेस्ट लावतात. याला बॅकलॅपिंग म्हणतात. एका टोकाला जास्त झिजून निमुळते झालेले रीळ मात्र याने सरळ होत नाही, त्याला ग्राइंडिंगच, म्हणजे यंत्रावर घासून आकार सरळ करणेच, लागते.

इंजिन ऑइल व एअर फिल्टर तासमापकाच्या नोंदीप्रमाणे बदलतात. हायड्रॉलिक नळ्यांकडे अधिक लक्ष हवे, कारण फुटलेल्या नळीतले गरम तेल ग्रीनवर करपलेल्या गवताची रेघ ओढत जाते आणि ती कित्येक आठवडे दिसत राहते. कापणीनंतर यंत्र धुताना पाण्याचा जोरदार झोत बेअरिंगच्या सीलवर मारू नये. धुऊन झाल्यावर ग्रीस भरले की आत शिरलेले पाणी बाहेर ढकलले जाते.