लोपामुद्रा (मुलीचे नाव)

लोपामुद्रा हे ऋग्वेदाइतके जुने आणि आज महाराष्ट्रात क्वचितच ऐकू येणारे मुलीचे नाव आहे. अगस्त्य ऋषींची पत्नी, ऋग्वेदातील ऋचांची द्रष्टी आणि महाभारताप्रमाणे विदर्भाची राजकन्या अशी मूळ लोपामुद्रेची ओळख. विदर्भाच्या लेकींपैकी रुक्मिणी घरोघरी पोचली. दमयंती आणि इंदुमती ही नावे आजी-पणजीच्या पिढीत चांगली रुळली होती. लोपामुद्रा मात्र पोथीतच राहिली.

नावाच्या अर्थाविषयी एकमत नाही. लोप आणि मुद्रा हे दोन घटक सहज दिसतात, पण त्यांची सांगड वेगवेगळ्या प्रकारे घातली जाते. एका पारंपरिक स्पष्टीकरणानुसार, जिच्यापुढे इतर स्त्रियांचा रूपाचा अभिमान लोपतो ती लोपामुद्रा. दुसरे स्पष्टीकरण तिच्या जन्मकथेला धरून आहे: निरनिराळ्या प्राण्यांचे सौंदर्य घेऊन तिला घडवले, म्हणून त्यांच्या ठायीची ती मुद्रा लोपली. दोन्ही अर्थ नाव रूढ झाल्यानंतर जोडलेले दिसतात. कौशीतकी आणि वरप्रदा अशीही तिची नावे सांगितली जातात.

महाभारताच्या वनपर्वात तिची कथा सविस्तर येते. आपले पितर खड्ड्यात उलटे लटकलेले पाहून अगस्त्यांनी संततीसाठी विवाह करायचे ठरवले, पण मनाजोगी वधू मिळेना. तेव्हा त्यांनी प्रत्येक प्राण्याचे उत्तमोत्तम अंग घेऊन एक कन्या निर्मिली आणि अपत्यासाठी तप करणाऱ्या विदर्भराजाला दिली. तिचे नाव ब्राह्मणांनी ठेवले. पाण्यातल्या कमळवेलीसारखी, अग्नीच्या ज्वाळेसारखी ती झपाट्याने वाढली, असे महाभारत म्हणते. पुढे अगस्त्य मागणी घालायला आले तेव्हा राजा-राणी पेचात पडले. नकार द्यावा तर शापाची भीती, होकार द्यावा तर मुलगी वनात जाणार. हा पेच तिनेच सोडवला. मला अगस्त्यांना द्या, असे तिने वडिलांना सांगितले.

लग्नानंतर तिने मौल्यवान वस्त्रे आणि दागिने उतरवून वल्कले नेसली. पण अगस्त्यांना अपत्याची इच्छा झाली, तेव्हा माहेरी होती तशी शय्या आणि तसे अलंकार असल्याशिवाय मी जवळ येणार नाही, असे तिने स्पष्ट सांगितले. शिवाय त्यासाठी तपाचा ऱ्हास होता कामा नये, ही अटही घातली. मग अगस्त्य तीन राजांकडे गेले. तिघांचीही जमा आणि खर्च बरोबरीचे निघाले, शिल्लक काहीच नव्हती, आणि प्रजेला तोशीस लावून धन घ्यायचे नाही म्हणून ते इल्वल या असुराकडे वळले. इल्वलाचा भाऊ वातापी याला पचवल्याची प्रसिद्ध गोष्ट इथली. ती सगळ्यांना ठाऊक असते. तिच्या मुळाशी लोपामुद्रेची मागणी आहे, हे सांगायचे बहुधा राहून जाते. शेवटी हजार पुत्र हवेत की हजारांच्या तोडीचा एक, असे विचारल्यावर तिने एकच विद्वान पुत्र निवडला. तो दृढस्यू, ज्याला इध्मवाह असेही म्हणतात.

ऋग्वेदातली लोपामुद्रा याहून जुनी आणि अधिक थेट बोलणारी आहे. पहिल्या मंडलातील १७९ वे सूक्त सहा ऋचांचा संवाद आहे आणि त्यातल्या पहिल्या दोन ऋचा तिच्या आहेत. ‘पूर्वीरहं शरदः शश्रमाणा’ अशी तिची सुरुवात. कित्येक शरद ऋतू मी रात्रंदिवस कष्टत आले, प्रत्येक उषा वय वाढवते, जरा शरीराची कांती हिरावून नेते; तेव्हा आता पतीने पत्नीजवळ यावे, असे ती म्हणते. त्यात संकोच नाही, गाऱ्हाणेही नाही. देवांशी सत्य बोलणाऱ्या पूर्वीच्या ऋषींनाही तपाचा अंत लागला नाही, हा तिचा पुढचा युक्तिवाद. अगस्त्यांना तो पटतो आणि दोघांनी जोडीने पुढे जावे, असे ते उत्तर देतात. ऋग्वेदातील देवतांविषयीच्या ‘बृहद्देवता’ या ग्रंथाने सांगितलेल्या २७ ब्रह्मवादिनींमध्ये, म्हणजे ऋचा रचणाऱ्या स्त्रियांमध्ये, तिचे नाव आहे. रामायणाच्या सुंदरकांडात सीता पतिनिष्ठेचे दाखले देताना तिचे नाव घेते. ते खरेच, पण तेवढ्यावर तिची ओळख संपवणे अन्यायाचे होईल.

दक्षिणेत तिचा आणखी एक अवतार आहे. कर्नाटकातील कोडगूच्या परंपरेत कवेर मुनींनी वाढवलेली लोपामुद्रा तीच कावेरी नदी झाली, अशी श्रद्धा आहे. श्रीविद्या या देवीच्या उपासनापंथात पंधरा अक्षरी मंत्राचा ‘ह’पासून सुरू होणारा पाठ, म्हणजे हादी विद्या, तिच्या नावे ओळखला जातो, आणि ललितासहस्रनामात देवीचे एक नाव ‘लोपामुद्रार्चिता’ असे आहे.

आजच्या वापरात हे नाव बंगाल आणि ओडिशात परिचित आहे. बंगाली गायिका लोपामुद्रा मित्र यांच्यामुळे ते बंगालबाहेरही ऐकू आले. मराठी लोकांना ते दूरचित्रवाणीवर भेटले ते नागपूरच्या लोपामुद्रा राऊत यांच्यामुळे. हिंदी ‘बिग बॉस’च्या दहाव्या पर्वात त्या अंतिम फेरीपर्यंत पोचल्या होत्या. विदर्भकन्येचे नाव विदर्भाच्याच मुलीने पुन्हा लोकांच्या कानी घातले, हा योग सुखद आहे. भारतात जन्मनोंदणीवरून नावांची सरकारी क्रमवारी प्रसिद्ध होत नाही, त्यामुळे संकेतस्थळांवर दिसणारे ‘लोकप्रियतेचे क्रमांक’ फारसे मनावर घेऊ नयेत.

मराठीत नाव मागे पडण्याचे मोठे कारण बहुधा ‘लोप’ हा शब्दच. लोप पावणे म्हणजे नाहीसे होणे, आणि बाळाच्या नावात असे काही नको वाटणे समजण्यासारखे आहे. पण पाणिनीने लोपाची व्याख्या ‘अदर्शनं लोपः’ अशी केली आहे. व्याकरणात प्रत्यय लोपून दिसेनासा झाला, तरी त्याचे कार्य चालू राहते. नाव अशुभ मानायला आधार कुठल्याच कथेत नाही. दुसरी अडचण लांबीची. दोन-तीन अक्षरी नावांची सध्या चलती आहे, त्यापुढे चार अक्षरे आणि शेवटी जोडाक्षर जड वाटते. घरी हाक मारायला ‘लोपा’ किंवा ‘मुद्रा’ सहज चालते; मुद्रा तर स्वतंत्र नाव म्हणूनही ठेवतात. लिहिताना ‘मु’ ऱ्हस्व. पुराणातल्या व्यक्तीविषयी ‘लोपामुद्रेने’ असे लिहितात, पण घरातल्या मुलीविषयी बोलताना ‘लोपामुद्राने’ हेच तोंडात येते.

नावरस पाहणाऱ्यांसाठी: ‘लो’ हे भरणी नक्षत्राच्या चौथ्या चरणाचे अक्षर आहे, रास मेष. बारशापर्यंत नाव ठरले नसले तरी हरकत नाही; जन्माची नोंद नावाशिवायही होते आणि नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते.