पहिली पाच पावलं आणि कमरेचा बँड

कबड्डीच्या मैदानात मध्यरेषेपासून निदानरेषा ३.७५ मीटरवर असते, बोनस रेषा तिच्या पुढे आणखी १ मीटर. खो-खोचे दोन खांब २४ मीटर अंतरावर असले, तरी 'खो' मिळालेला आक्रमक उकिडव्यातून उठतो तेव्हा गडी हाती लागणार की निसटणार, हे बहुतेक वेळा पहिल्या तीन-चार पावलांतच ठरतं. या खेळांत पूर्ण वेगाला पोहोचायला जागाच नसते. कामाला येतो तो वेग पकडण्याचा जोर, आणि कमरेला रबरी बँड बांधून मारलेल्या छोट्या स्प्रिंट हा जोर वाढवण्यासाठी असतात. अडचण एवढीच, की बँड नुसता खांबाला अडकवून पळत सुटलं तर तो नेमका उलटा वागतो.

ते कसं, हे समजायला स्नायूचा एक नियम पाहावा लागेल. ए. व्ही. हिल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९३८ मध्ये बेडकाच्या स्नायूवर प्रयोग करून दाखवलं, की स्नायू जितका झपाट्याने आखडतो तितका त्याचा जोर कमी होतो. धावण्यातही तसंच. पहिल्या पावलाला पाय जमिनीवर साधारण ०.२ सेकंद टेकतो, रेटायला वेळ मिळतो, म्हणून जोर सर्वाधिक. पूर्ण वेगात हाच वेळ ०.१ सेकंदाच्या आसपास येतो आणि पुढे ढकलणारा निव्वळ जोर जवळपास शून्यावर उतरतो.

आता बँडकडे बघा. सुरुवातीला तो ढिला असतो, म्हणजे पाय सगळ्यात ताकदवान असताना त्याला विरोधच नाही. पाचव्या-सहाव्या पावलाला पाय वेगात येतात, त्यांचा जोर घटतो, आणि नेमका तेव्हाच बँड खेचायला लागतो. टायर ओढताना असं होत नाही. टायर हलवताना एक हिसका बसतो खरा, पण एकदा सरकायला लागला की त्याचं घर्षण जवळपास सारखंच राहतं. बँडचा उपयोग करून घ्यायचा तर त्याचा हा चढता ताण सपाट करावा लागतो. बाकी सगळं त्यानंतर.

किती ओढ हवी, याचा अंदाज कागदावर काढता येतो. समजा ७० किलो वजनाचा खेळाडू आहे. सुरुवातीला तो स्वतःला सुमारे ५० किलोच्या जोराने पुढे ढकलतो आणि त्याचा कमाल वेग सेकंदाला ८.५ मीटर आहे. वेग वाढताना जोर घटत जातो, तो उतार सरळ रेषेत मानला, तर १० किलोची ओढ लावल्यावर त्याचा वेग कमाल वेगाच्या ८० टक्क्यांवर अडतो, १५ किलोला ७० टक्क्यांवर आणि २५ किलोला निम्म्यावर. जोर आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ती, आणि हा गुणाकार त्या निम्म्या टप्प्यावर सर्वांत मोठा येतो. म्हणजे शक्तीसाठी वजनाच्या साधारण एक तृतीयांश ओढ, आणि धावण्याची ढब न बिघडवता थोडाच भार द्यायचा असेल तर एक सप्तमांश.

इथे एक गल्लत नेहमी होते. स्लेजवर, म्हणजे जमिनीवरून घासत ओढायच्या वजनाच्या घसरगाडीवर, शरीराच्या वजनाच्या ८० टक्के भार ठेवतात हे ऐकून काहीजण तेवढ्या ताकदीचा बँड शोधत बसतात. स्लेजचं वजन जमीन उचलते, खेळाडूच्या वाट्याला येतं फक्त घर्षण. घर्षणांक ०.४ धरला, म्हणजे घर्षण वजनाच्या ०.४ पट, तर ७० किलोच्या खेळाडूमागचा ५६ किलोचा स्लेज प्रत्यक्षात २२ किलोच्या आसपास ओढतो. आकडे जुळतात ते असे.

बँडची ओढ मोजायला प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा पुरतो. बँडचं एक टोक पक्कं अडकवा, दुसऱ्याला काटा लावा, आणि मूळ लांबीच्या दीडपट, दुप्पट, अडीचपट ताणून तीन आकडे लिहून ठेवा. पाकिटावरच्या 'हेवी', 'मीडियम' या शब्दांवर विसंबू नका. रंगांचंही तसंच, एका कंपनीचा लाल दुसरीच्या निळ्याएवढा असू शकतो.

मोजताना एक गोष्ट लक्षात येईल. रबर सुरुवातीच्या थोड्या ताणाला चटकन कडक होतं, मग मधल्या पट्ट्यात सावकाश चढतं आणि शेवटी पुन्हा एकदम ताठरतं. आपल्याला हवा तो मधला पट्टा. म्हणून धाव सुरू करतानाच बँड दीडपट ताणलेला असावा आणि अडीचपटीला थांबावं. याचा हिशेब गमतीशीर निघतो: या दोन मर्यादांत धावायला मिळणारं अंतर बँडच्या मूळ लांबीएवढंच असतं. जिममधला गोल बँड १ मीटरच्या आसपास असतो, त्यावर १ मीटरच पळता येईल! असे तीन बँड एकापुढे एक जोडले तर ३ मीटर. मध्ये दोर जोडून उपयोग नाही. दोर ताणला जात नाही, त्यामुळे तुम्ही खांबापासून लांब जाता, पण पळायला जागा वाढत नाही.

म्हणून १० मीटरच्या धावेसाठी खांबापेक्षा जोडीदार बरा. बँडची दोन्ही टोकं तो हातात धरतो, गुडघे वाकवून मागे रेलतो आणि तुमच्या मागून पळत दोघांमधलं अंतर तेवढंच राखतो. अंतर कायम तर ताण कायम. तो फार रेलला तर तुम्ही जागच्या जागी पाय मारत राहता, आणि तो जवळ आला की बँड लोंबतो. दोघांचं जमायला तीन-चार फेऱ्या जातात, त्या मोजू नका.

बँड ज्यात अडकवायचा तो पट्टा कमरेच्या हाडावर, नाभीच्या खाली घट्ट बांधायचा. छातीला किंवा खांद्याला बांधला तर ओढ वरच्या धडाला मागे उलटवते आणि ते सावरायला माणूस कमरेतून वाकतो. आता उभे राहा: एक पाय पुढे, वजन पुढच्या चवड्यावर, बँड आधीच तणलेला. टाचेपासून डोक्यापर्यंत एक तिरकी रेषा, वाकणं घोट्यातून, कमरेतून नाही. पहिलं पाऊल टेकताना नडगी पुढे झुकलेली हवी आणि पाऊल शरीराच्या खाली किंवा किंचित मागे पडायला हवं. ते पुढे पडलं की टाच टेकते आणि टाच म्हणजे ब्रेक. बँडमुळे पुढे झुकायला आधार मिळतो, म्हणून काहीजण त्यावर नुसते लटकतात. जोडीदाराने अचानक बँड सोडला आणि तुम्ही तोंडावर आलात, तर लटकत होतात असं समजा.

सत्र छोटं असतं. १५ मिनिटं अंग गरम करा, त्यात दोन-तीन मोकळ्या धावा चढत्या वेगाने. मग बँडसह ५ ते १० मीटरच्या ४ ते ६ धावा, प्रत्येकीनंतर २ ते ३ मिनिटं विश्रांती, आणि शेवटी बँड काढून १५ मीटरच्या २ धावा. आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान ४८ तास. विश्रांती लांब वाटते, पण अशा धावेला लागणारी ऊर्जा स्नायूतल्या क्रिएटिन फॉस्फेटमधून येते आणि तो साठा भरायला काही मिनिटं जातात. दर ३० सेकंदांनी पळालात तर घाम भरपूर येईल, दमसास वाढेल, जोर मात्र वाढणार नाही. मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये १० मीटरची वेळ काढत राहा. तीच ओढ असताना वेळ ५ टक्क्यांनी वाढली की त्या दिवशी तिथेच थांबा.

खांबाला बांधून करणार असाल तर परत येताना खरी दुखापत होते. तणलेला बँड मागे खेचतो, माणूस टाचा रोवत उलटा धडपडतो आणि गुडघ्याला, मांडीच्या मागच्या स्नायूला हिसका बसतो. वळून खांबाकडे तोंड करा, बँड हाताने धरा आणि चालत या. पुढून बँडने ओढून घेऊन स्वतःच्या वेगापेक्षा जास्त पळण्याचा प्रकारही काही ठिकाणी चालतो. तो प्रशिक्षकाशिवाय करूच नये. ओल्या लाल मातीवर तर साधा बँडही नको, पाय घसरतो आणि जोर वाया जातो.

तुटलेला बँड थेट जोडीदाराच्या तोंडावर येतो. ऊन आणि हवेतला ओझोन रबराला बारीक चिरा पाडतात, म्हणून वापरानंतर तो सावलीत, सुटा ठेवा. दर वेळी थोडा ताणून उजेडात दोन्ही कडा बघा. कडेला चीर दिसली की बँड बाद. गाठ मारू नका, ताण गाठीपाशी एकवटतो आणि तिथेच तो तुटतो. पट्टा आणि कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) वापरा. खेड्यापाड्यांत सायकलची ट्यूब वापरतात. ती ब्युटाइल रबराची असेल तर कमी उसळते, त्यामुळे मागे खेचण्याचा झटका सौम्य असतो, पण व्हॉल्व्ह असलेला तुकडा आधी कापून टाका. ट्यूब तुटली तर तो धातूचा दांडाच गोळीसारखा येतो.