जेरीकॅन व लष्करी ट्रकमधील इंधनवाहतूक

जेरीकॅन : इंधन किंवा पाणी नेण्याचा २० लिटरचा चपटा पत्र्याचा डबा. ‘जेरी’ हे ब्रिटिश शिपायांनी जर्मन सैनिकाला ठेवलेले टोपणनाव. डबा जर्मनांचा म्हणून तो जेरीकॅन. सैन्यातून निवृत्त होऊन आलेल्यांच्या बोलण्यातून हा शब्द सातारा जिल्ह्यातल्या गावोगावी पोचला. तिथे त्याचा नुसता ‘कॅन’ झाला आणि पुढे प्लॅस्टिकच्या डब्यालाही तेच नाव लागले.

जेरीकॅनचे महत्त्व कळायला त्याच्या आधीचा डबा आठवावा लागतो. तो आपल्याकडच्या जुन्या घरांत चांगला ओळखीचा आहे : रॉकेलचा चौकोनी डबा. वरचा पत्रा कापून आत आडवी लाकडी दांडी ठोकली की त्यातून पाणी भरता येई आणि असे दोन डबे टांगले की कावड तयार होई. चार गॅलनच्या, म्हणजे सुमारे १८ लिटरच्या, याच जातीच्या डब्यांतून ब्रिटिश सैन्य दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात पेट्रोल नेत असे. पाण्याच्या दोन खेपांना पुरणारा पातळ पत्रा ट्रकच्या हौद्यात टिकेना. थरावर थर रचलेले डबे खड्ड्यात आपटले की झाळलेले सांधे उकलत आणि हौद्यातून पेट्रोल ठिबकत राही. लष्करी तळापासून आघाडीपर्यंत सुमारे ३० टक्के पेट्रोल वाया जाते, असा तिथले ब्रिटिश सेनापती जनरल ऑकिनलेक यांचा अंदाज होता. शत्रूने न मारता झालेले एवढे नुकसान कोणत्याही सेनापतीला झोंबणारेच.

जर्मनीत १९३७ साली श्वेल्म येथील म्युलर कंपनीचे अभियंता व्हिन्त्सेन्झ ग्रुनफोगेल यांनी नवा डबा तयार केला. दाबून घडवलेले पत्र्याचे दोन भाग कडेने वेल्डिंग करून जोडलेले असल्याने त्यात उकलायला सांधेच फारसे उरले नाहीत. दोन्ही बाजूंवर फुलीसारखी खोलगट नक्षी असते. ती शोभेची नाही. तिने पत्रा ताठ राहतो आणि उन्हात पेट्रोल फुगले की पत्र्याला थोडे बाहेर सरकता येते. झाकण खटक्याचे, त्यामुळे पाना लागत नाही; तोंडाशी हवेची नळी असल्याने ओतताना पेट्रोल गचके देत नाही. वरच्या फुगवट्यात हवा राहते, म्हणून भरलेला डबाही पाण्यावर तरंगतो. पाण्याच्या डब्यांवर जर्मन सैन्य पांढरी फुली रंगवीत असे, आणि ही खूण पाळली नाही तर काय होईल हे वेगळे सांगायला नको.

खरी अक्कल मात्र मुठींत आहे. वर एक नव्हे, तीन समांतर मुठी. भरलेला डबा एकट्याने मधल्या मुठीने उचलावा किंवा दोघांनी बाहेरच्या दोन मुठी धरून न्यावा. रिकामे डबे शेजारी ठेवले की लगतच्या दोन मुठी एकाच हातात येतात, म्हणजे एक माणूस दोन हातांत चार डबे नेतो. रांगेत उभे राहून घमेली पुढे सरकवणाऱ्यांना यातली सोय लगेच कळेल : देणाऱ्याने एक मूठ सोडण्याआधी घेणाऱ्याला दुसरी पकडता येते.

हा डबा दोस्त राष्ट्रांकडे पोचण्याच्या कथेत भारताचाही संबंध येतो. १९३९ मध्ये पॉल प्लाइस हा अमेरिकन अभियंता एका जर्मन सहकाऱ्यासह मोटारीने भारताकडे निघाला. वाटेसाठी पाणी कशात न्यायचे हा प्रश्न होता. सहकाऱ्याने बर्लिनच्या टेम्पेलहोफ विमानतळावरच्या साठ्यातून तीन डबे आणले. तो जर्मन सहकारी अर्ध्या वाटेतून माघारी बोलावला गेला, पण त्याआधी त्याने डब्याची सगळी मापे प्लाइसला देऊन ठेवली होती. प्लाइस कलकत्त्याला पोचला आणि पुढे अमेरिकेत परतला. अमेरिकी सैन्याने नमुना घेतला, पण वेल्डिंगऐवजी दुमडलेले सांधे आणि आट्यांचे झाकण असा बदल केला. परिणामी पाना आणि नरसाळे दोन्ही बाळगावे लागले. ब्रिटिशांनी मात्र हाती लागलेले जर्मन डबे पाहून त्यांची जशीच्या तशी नक्कल केली.

ट्रकमध्ये किती डबे मावतात, याचा हिशेब जागेपेक्षा वजनाने ठरतो. रिकामा डबा साधारण साडेचार किलोचा, आत २० लिटर पेट्रोलचे १५ किलो. एकूण साडेएकोणीस किलो. अमेरिकी सैन्याचा गाजलेला जीएमसी ट्रक अडीच टनी. तो टन ९०७ किलोचा, म्हणजे मर्यादा २,२६८ किलो. भागाकार केला तर सुमारे ११५ डबे आणि २,३०० लिटर पेट्रोल. डब्याचा तळ साधारण १७ बाय ३५ सेंटिमीटर असल्याने एवढे डबे उभे लावले की लांब हौद्याचा तळ बहुतेक झाकला जातो. दुसऱ्या थराला जागा दिसते, पण स्प्रिंगच्या पाट्यांना तो भार झेपत नाही. डबे उभेच ठेवायचे, तोंडे एका दिशेला, ओळी घट्ट. सैल राहिलेला डबा शेजारच्यावर घासतो. आधी रंग जातो, मग गंज धरतो आणि शेवटी बारीक भोक पडते. म्हणून मध्ये फळ्या, वरून दोर आणि फाळक्यापाशी पाचर.

२५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर १९४४ या काळात फ्रान्समध्ये चाललेली ‘रेड बॉल एक्स्प्रेस’, म्हणजे आघाडीला रसद पोचवणारी अमेरिकी ट्रकची अखंड रांग, ही अशा वाहतुकीची सर्वांत मोठी परीक्षा होती. २९ ऑगस्टला एकाच दिवशी ५,९५८ गाड्यांनी १२,३४२ टन माल पोचवला. तिथे इंधनाइतकीच रिकाम्या डब्यांची चणचण भासली, कारण घाईतले चालक डबे वाटेतच टाकून देत. भरलेला हवा तर रिकामा आणून द्या, हा सोडावॉटरच्या बाटल्यांचा नियम युद्धातही लागू पडतो.

स्वतंत्र भारताच्या सैन्यात हे काम आधी महायुद्धातल्या उरलेल्या गाड्यांनी केले. त्यानंतर आला शक्तिमान, जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला बनू लागलेला. त्याच शहरात निसानच्या परवान्यावरचा वन टन आणि जोंगा या गाड्या तयार झाल्या. शक्तिमान डिझेलवर, वन टन आणि जोंगा पेट्रोलवर. त्यामुळे एकाच ताफ्यात दोन्ही इंधनांचे डबे वेगळे ओळखू येतील असे ठेवावे लागत. इंधनपुरवठ्याची जबाबदारी आर्मी सर्व्हिस कोअरची (एएससी). ‘एएससीत ड्रायव्हर होता’ ही ओळख साताऱ्याकडच्या अनेक घरांत सांगितली जाते, आणि रणगाड्याच्या गोष्टीपुढे डब्यांची गोष्ट फिकी पडते म्हणून ती तिथेच थांबते.

जिल्ह्याचे लष्कराशी नाते जुने आहे. सैनिक शाळांपैकी पहिली शाळा १९६१ मध्ये साताऱ्यातच सुरू झाली. अपशिंगे गावाच्या नावामागे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला असून पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या तेथील ४६ जणांचे स्मारक गावात आहे.

भरलेल्या डब्यांची गाडी घाटात कशी वागते हे वाईहून पाचगणीला जाणाऱ्या पसरणी घाटावरून समजून घेता येते. वाई सुमारे ७०० मीटरवर, पाचगणी जवळजवळ १,३०० मीटरवर. चढताना बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो आणि डब्यातली वाफ पत्र्याला आतून रेटते. म्हणून डबा काठोकाठ भरत नाहीत, आणि वर पोचल्यावर झाकण एकदम न उघडता खटका हळू सोडतात. ‘फुस्स’ आवाज संपला की मगच ओतायचे. वळणावर उंच रचलेला भार गाडीला बाहेर ओढतो, तेव्हा एक थर हा नियम इथे वजनासाठीच नव्हे, तोलासाठीही पाळावा लागतो.

आज जुन्या लष्करी गाड्या हौसेने बाळगणारे मागच्या बाजूला असे डबे बांधतात. कायद्याने विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंतचेच पेट्रोल विनापरवाना नेता येते. म्हणजे दीड जेरीकॅन. डिझेलला मुभा पुष्कळच जास्त. भरताना डबा गाडीत न ठेवता जमिनीवर ठेवावा आणि नळीचे टोक पत्र्याला टेकवावे, नाहीतर स्थिर विजेची ठिणगी पडण्याची भीती असते. जुन्या बाजारातून डबा घेताना बाहेरचा रंग पाहून उपयोग नाही. आत विजेरी मारून तळाचा गंज पाहावा, झाकणातले रबर नखाने दाबून पाहावे, आणि पाणी भरून रात्रभर आडवा ठेवावा. सकाळी खालची फरशी कोरडी असेल तर सौदा करायला हरकत नाही.